‘की’, ‘आणि’, ‘वगैरे’ : द्वंद्व या शब्दाविषयी

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)

अध्यक्ष महोदय, मंडळाचे कार्यकर्ते, आणि आरती-प्रसाद आटोपल्यावरही जागा न सोडलेल्या मायबाप श्रोतेहो,

‘मायबाप’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला, कारण आजच्या विषयाची सुरुवात त्यातच आहे. विषय म्हणजे ‘द्वंद्व’ हा एक शब्द. आम्ही काही व्याकरणाचे पंडित नाही. डिप्लोमा घेऊन सरकारी नोकरीत शिरलेली माणसं, आयुष्य अर्ज, अंदाजपत्रकं आणि मोजमाप पुस्तकं यांत गेलेलं. पण शब्दांशी सरकारी माणसाचाही संबंध येतो, आणि कधी कधी फार जवळून येतो.

आधी शुद्धलेखनाचं सांगतो. पुष्कळ ठिकाणी हा शब्द ‘द्वंद’ असा लिहिलेला दिसतो. तो ‘द्वंद्व’ असा हवा. ‘द्व’ म्हणजे दोन, आणि तो दोनदा आला म्हणून द्वंद्व. म्हणजे दोन-दोन, जोडी-जोडीनं. शेवटचा ‘व’ खाल्ला तर जोडीतला एक गेला. उरलेला शब्द लंगडाच.

आता अर्थ. आपल्यापैकी कुणालाही विचारलं तर तो सांगेल, द्वंद्व म्हणजे झुंज. भीम आणि जरासंधाचं द्वंद्व. मनातलं द्वंद्व म्हणजे हे करू की ते करू. दोन बाजू, एकमेकींविरुद्ध उभ्या. अर्थ बरोबर आहे, पण तो या शब्दाच्या अनेक अर्थांपैकी एक आहे. पाणिनीनं आपल्या व्याकरणात हा शब्द कुठे कुठे चालतो ते नोंदवलं आहे. त्यात दोघांनी एकांतात केलेली मसलत आहे, आणि यज्ञाची पात्रं दोन-दोन करून मांडणं आहे. जोडपं या अर्थानंही संस्कृतात हा शब्द येतो. म्हणजे भांडणारे दोघे द्वंद्व, कुजबुजणारे दोघेही द्वंद्व, आणि शेजारी शेजारी मांडलेली दोन भांडीसुद्धा द्वंद्वच.

गीतेत तर हा शब्द दोन्ही टोकांना आला आहे. थंडी-ऊन, सुख-दुःख या द्वंद्वांच्या पलीकडे जा, निर्द्वंद्व हो, असं भगवान अर्जुनाला सांगतात. आणि दहाव्या अध्यायात आपल्या विभूती सांगताना तेच म्हणतात की समासांमध्ये मी द्वंद्व समास आहे. एकीकडे द्वंद्व सोड, दुसरीकडे द्वंद्व म्हणजे मीच. यात विसंगती नाही. सोडायचं ते मनाला दोन्हीकडे ओढणारं द्वंद्व, आणि विभूती आहे ते दोघांना मानानं एकत्र बसवणारं.

इंग्रजीत ‘डायकॉटॉमी’ असा शब्द आहे. तो मूळचा ग्रीक. ‘दोन भागांत’ आणि ‘कापणे’ असे त्याचे दोन अवयव. एखाद्या गोष्टीचे परस्परविरुद्ध दोन भाग पाडणं म्हणजे डायकॉटॉमी. मराठीत त्याला शास्त्राच्या पुस्तकात द्विभाजन म्हणतात, वर्तमानपत्रात द्वंद्व म्हणतात. फरक लक्षात घ्या. त्या शब्दाच्या पोटात सुरी आहे. आपल्या शब्दाच्या पोटात नुसती जोडी आहे. कापायचं की नाही ते आपल्यावर.

तर्कशास्त्रात खऱ्या द्विभाजनाला दोन अटी आहेत. पहिली, दोन्ही भाग एकाच वेळी लागू पडता कामा नयेत. दुसरी, दोहोंच्या बाहेर काही उरता कामा नये. पूर्णांक घ्या. तो सम तरी असतो नाहीतर विषम. दोन्ही असू शकत नाही, दोन्ही नाही असंही होत नाही. हे चोख द्विभाजन. पण ‘गरम’ आणि ‘थंड’ घ्या. मध्ये कोमट आहे. ‘दिवस’ आणि ‘रात्र’ घ्या. मध्ये तिन्हीसांज आहे, पहाटेचं झुंजूमुंजू आहे. ही द्विभाजनं नव्हेत, ही एका रेघेची दोन टोकं आहेत. रेघ टोकांपेक्षा लांब असते.

ही चूक किती महागात पडते याची गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. हिरण्यकशिपूनं वर मागितला. दिवसा मरण नको, रात्री नको. घरात नको, बाहेर नको. माणसाकडून नको, पशूकडून नको. जमिनीवर नको, आकाशात नको. मोठा काटेकोर अर्ज होता. प्रत्येक जोडीत सगळं जग आलं असं त्याला वाटलं. पण तिन्हीसांज उरली होती, उंबरठा उरला होता, नरसिंह उरला होता आणि नरसिंहाची मांडी उरली होती. त्यानं विरुद्ध शब्दांच्या जोड्या केल्या आणि त्यांनाच संपूर्ण जग मानलं. तिथे तो फसला.

आता शाळेतलं व्याकरण आठवू या. मराठीत द्वंद्व समासाचे तीन प्रकार शिकवतात. इतरेतर द्वंद्व म्हणजे ज्याचा विग्रह ‘आणि’नं होतो. आईवडील म्हणजे आई आणि वडील. वैकल्पिक द्वंद्व म्हणजे ज्याचा विग्रह ‘किंवा’नं होतो. खरेखोटे म्हणजे खरे किंवा खोटे. समाहार द्वंद्व म्हणजे ज्याचा विग्रह ‘वगैरे’नं होतो. मीठभाकर म्हणजे मीठ, भाकर आणि तसंच इतर साधं जेवण. दोन शब्द शेजारी आले की त्यांच्यात नातं कोणतं, या प्रश्नाला आपल्या व्याकरणानं एक नव्हे, तीन उत्तरं ठेवली आहेत.

आणि बोलण्यात त्याची गंमत आणखी वाढते. दोन घरांचे संबंध चांगले आहेत हे आपण कसं सांगतो? ‘त्यांचं आमचं येणंजाणं आहे.’ येणं आणि जाणं ही तर विरुद्ध दिशांना चाललेली कामं. पण दोन्ही मिळून नातं होतं. नुसतं येणं असेल तर तो पाहुणचार, नुसतं जाणं असेल तर तो लोचटपणा. संबंध तुटला की म्हणतो, ‘आमचं काही देणंघेणं नाही.’ व्यापाऱ्याच्या वहीत जमाखर्च असतो. जमेची बाजू वेगळी, खर्चाची वेगळी, पण फक्त एका बाजूची वही कुणी ठेवत नाही. आणि ‘बरंवाईट’ बघा. ‘त्याचं काही बरंवाईट झालं तर’ असं म्हणताना मनात फक्त वाईट असतं. पण जिभेवर नुसतं वाईट नको, म्हणून ‘बरं’ पुढे उभं केलं आहे. विरुद्ध शब्द इथे भांडायला आलेला नाही, सोबतीला आला आहे.

‘दोन’ या अर्थाच्या ‘दु’चंही असंच आहे. दुही, दुफळी, दुजाभाव, दुभंग, दुटप्पी हे सगळे तोडणारे शब्द. पण त्याच ‘दु’पासून दुपदरी, दुहेरी, दुपेडी झाले. दुपदरी साडी उबदार, दुपेडी दोर एकपेडीपेक्षा मजबूत. दोन झाले म्हणजे फाटलंच असं नाही. पीळ कुणी कसा घातला त्यावर आहे.

आता आपल्या शहराकडे येऊ. बडोद्यात द्वंद्व समासाचं उत्तम उदाहरण पुस्तकात नाही, गाडीवर मिळतं. शेवउसळ. शेव गुजराती फरसाणवाल्याची, उसळ मराठी स्वयंपाकघरातली. विग्रह करा. शेव आणि उसळ, म्हणून इतरेतर. पण वर तरी येते, पाव येतो, चिरलेला कांदा येतो, म्हणून समाहारही म्हणता येईल. गाडीवर उभं राहून ‘शेव की उसळ?’ असं मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही.

मग आपल्याला स्वतःविषयी तो ‘की’ का विचारला जातो? पुण्याचे नातेवाईक म्हणतात, तुमचं मराठी आता गुजराती झालंय, खिडकीला ‘बारी’ म्हणता. इथले शेजारी प्रेमानंच म्हणतात, तुम्ही मराठी लोक. तिकडे आम्ही गुजरातचे, इकडे आम्ही महाराष्ट्राचे. पिढ्यान् पिढ्या एकाच वाड्यात राहून आम्ही दोन्हीकडे पाहुणे.

इतिहासानंही आपल्यापुढे हा ‘की’ ठेवला होता. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. १ नोव्हेंबर १९५६ला द्विभाषिक मुंबई राज्य झालं. ‘द्विभाषिक’ हा शब्द त्या काळी शिवीसारखा वापरला गेला. एकीकडे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, दुसरीकडे इंदुलाल याज्ञिकांची महागुजरातची चळवळ. शेवटी १ मे १९६०ला दोन राज्यं झाली. ते योग्यच झालं. लोकांच्या भाषेत कारभार चालावा हे न्यायाचं होतं. पण राज्याची वाटणी होते तशी घराची होत नाही. त्या दिवशी आपल्या आजी-आजोबांनी सामान बांधलं नाही. महाराष्ट्र दिन आणि गुजरात स्थापना दिन एकाच तारखेला येतात. कॅलेंडरात ती वाटणी आहे. आपल्या घरात तो इतरेतर द्वंद्व आहे.

या शहराला ही विद्या नवी नाही. सयाजीराव महाराज जन्मले नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात, आणि १८७५ साली गादीवर बसले ते बहुसंख्य गुजराती प्रजेच्या राज्यात. त्यांच्या कारकिर्दीत १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा कोश निघाला. एकेका इंग्रजी राज्यकारभाराच्या शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे प्रतिशब्द मांडलेले. एका ओळीत इतक्या भाषा, यज्ञाच्या पात्रांसारख्या शेजारी शेजारी. एकीला बसवण्यासाठी दुसरीला उठवलेलं नाही.

आम्ही कचेरीतली माणसं. आमच्या अर्जांवर एक वाक्य ठरलेलं असतं, लागू नसेल ते खोडावे. ‘होय / नाही’, ‘विवाहित / अविवाहित’. दोन शब्दांच्या मध्ये एक तिरपी रेघ, आणि एक शब्द खोडायचा. ही तिरपी रेघ कारभाराला लागते, तिला नावं ठेवून चालणार नाही. काँक्रीटचा ठोकळा २८ दिवसांनी यंत्रात दाबतात. ठरलेली ताकद भरली की नाही, एवढंच तिथे लिहायचं असतं. ‘बऱ्यापैकी भरली’ असं लिहून पूल उभा राहत नाही. लाच घेतली की नाही घेतली, इथेही कोमट नाही. मंडळाचा हिशेब चोख आहे की नाही, इथेही नाही. जिथे ‘की’ खरा आहे तिथे ‘आणि’ म्हणणं हा समंजसपणा नव्हे, पळवाट आहे.

पण समासातल्या दोन शब्दांमध्ये आपण आडवी रेघ देतो. संयोगचिन्ह. तिरपी रेघ म्हणते, एकाला खोड. आडवी रेघ म्हणते, दोघांना धर. आपली अडचण अशी की अर्ज भरून भरून माणूस घरातही तिरप्या रेघा मारायला लागतो. आणि खुद्द अर्ज कधी कधी आपल्यापेक्षा शहाणा असतो. २०११च्या जनगणनेत मातृभाषेचा रकाना एकच होता. तिथे आम्ही मराठी लिहिलं. पण लगेच पुढचा रकाना होता, येत असलेल्या इतर भाषा, आणि तिथे दोन भाषांना जागा होती. सरकारी कागदसुद्धा पहिल्या रकान्यात थांबत नाही.

आता जे बोलण्यासाठी हा शब्द निवडला ते बोलतो. या वर्षीच्या सभेत आपल्या मंडळात वाद झाला. कार्यक्रम फक्त मराठीत व्हावेत, असं ज्येष्ठांचं म्हणणं. घरात गुजराती सुना आहेत, जावई आहेत, मुलांना मराठी नीट कळत नाही, तेव्हा गुजराती चालू द्या, असं तरुणांचं म्हणणं. एक बाजू म्हणाली, मराठी गेली तर मंडळ कशाला? दुसरी म्हणाली, माणसंच आली नाहीत तर मंडळ कुणासाठी? दोन्ही प्रश्न खरे आहेत. म्हणून त्यांना मघाच्या दोन अटी लावून बघू. दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य नाहीत का? शक्य आहेत. दोहोंच्या बाहेर काही उरत नाही का? उरतं. मग हे द्विभाजन नव्हे. आपण हिरण्यकशिपूचा अर्ज भरतो आहोत.

पण इथे ज्येष्ठांची भीती हसण्यावारी नेऊ नये. ‘दोन्ही चालू द्या’ म्हटलं की प्रत्यक्षात एकच चालू राहते, हा त्यांचा अनुभव आहे. त्यांच्या बाजूनं व्याकरणाचा एक नियम उभा आहे. समासाचे चार मुख्य प्रकार, आणि त्यांचा भेद कोणतं पद प्रधान यावर. अव्ययीभावात पहिलं पद प्रधान. तत्पुरुषात दुसरं. द्वंद्वात दोन्ही पदं प्रधान. दोन्ही! एक पद नुसतं नावाला उरलं तर तो द्वंद्व राहतच नाही. घरी सगळं बोलणं गुजरातीत, मराठी फक्त आरतीपुरती, आणि वर ‘आम्ही दोन्हीचे’ असं म्हटलं, तर तो द्वंद्व नव्हे. तो तत्पुरुष झाला. दोघांपैकी एक दुसऱ्याचं विशेषण झाला.

आणि चौथा प्रकार बहुव्रीही. तिथे दोन्ही पदं गौण, अर्थ तिसऱ्याचाच. लंबोदर म्हणजे लांब उदर नव्हे, लांब उदर ज्याचं तो. गजानन, वक्रतुंड, सगळे बहुव्रीही. बाप्पाला ते शोभतं. आपल्या मुलांच्या बाबतीत मात्र खरी भीती याच समासाची आहे. मुलगा गुजराती बोलतो पण त्यातलं वर्तमानपत्र वाचत नाही, मराठी समजतो पण तिचं पत्र वाचत नाही, आणि दोन्ही सोडून तिसऱ्याच भाषेत लिहितो. मराठी की गुजराती म्हणून आपण भांडत बसलो, आणि घरात इंग्रजी बहुव्रीही होऊन बसली. इंग्रजी हवीच, तिच्याशी वैर नाही. पण आजीचं पत्र नातवाला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागलं तर ते नुकसान कुठल्या रकान्यात लिहायचं?

म्हणजे ‘आणि’ हा सोपा पर्याय नाही. ‘की’ सोपा आहे. एक खोडला की काम झालं. ‘आणि’ म्हटलं की दोन्ही पदं प्रधान ठेवण्याचं कष्ट आलं. म्हणून काही साध्या सूचना करतो. मंडळातली एकांकिका, भजन, मुलांचे पाठांतर मराठीतच असावेत. निवेदन दोन्ही भाषांत असावं, म्हणजे नवी सून पहिल्याच वर्षी पाहुणी वाटणार नाही. एखादी सून गुजराती गरबा शिकवते म्हणाली तर तिला नवरात्राची वाट बघायला लावू नये. आणि रविवारी सकाळी तासभर मुलांना मराठी वाचायला बसवावं. देवनागरी त्यांना शाळेतल्या हिंदीमुळे येते. अक्षरओळख झालेलीच आहे. फक्त ‘ळ’शी मैत्री करून द्यायची, आणि गुजरातीतही ‘ળ’ आहे, तेव्हा तीही निम्मी झालेली आहे. या वर्गाला शिकवायला सकाळची वेळ असलेले निवृत्त लोक या मांडवातच बसले आहेत. सभेत जे तावातावानं बोलले त्यांनी पहिलं नाव द्यावं, मग ते कोणत्याही बाजूचे असोत. आमचं नाव आम्ही यादीत घातलंच आहे.

दारापर्यंत आलेल्या पाहुण्याला निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावं, हे आपल्याला लहानपणी शिकवलं. आणि शेजारच्या काकी निरोप देताना म्हणतात ‘आवजो’, म्हणजे या. निघताना आपण म्हणायचं ‘येतो’, त्यांनी म्हणायचं ‘या’. एक वाक्य मराठी, एक गुजराती, आणि संवाद कसा पूर्ण होतो! जाणं हे येण्याच्या विरुद्ध आहे, असं दोन्ही भाषांनी उंबरठ्यावर तरी मानलेलं नाही.

वाचनवर्गाची वही चिटणीसांच्या टेबलावर ठेवली आहे. त्यात दोन रकाने आहेत, शिकवणाऱ्यांचा आणि शिकणाऱ्यांचा. ज्यांना दोन्हीत नाव लिहायचं असेल त्यांनी दोन्हीत लिहावं. कुणी काही खोडू नये.

गणपती बाप्पा मोरया!